ढुंढिराज, कचरू आणि दखमित्रा
(रेडिओवरील भाषण)



त्र्यंबकेश्वरला 30 एप्रिल 1870 रोजी फाळक्यांच्या घरी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं ढुंढिराज. हेच आपले दादासाहेब फाळके. 'दादासाहेब' इतकं रुळलं आहे, की मूळ नाव विचारलं तर भलेभले नाशिककर अडखळतात. ढुंढिराज हा काशीतला गणपती. काशीखंडात या नावाची फोडच दिली आहे: 'ढुंढ्' म्हणजे शोधणं, म्हणून तो ढुंढी. पुढे या ढुंढिराजाने विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली, चित्रपट कसा काढतात ते शिकून घेतलं आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला. नावाचा गुण असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्या काळात गावोगावी ढुंढिराज होते आणि ते पोटापाण्याचे साधे उद्योग करत होते.

आज हे नाव कुणी ठेवणार नाही. पण 'ढ' अक्षर काही पिच्छा सोडत नाही. पंचांगातलं अवकहडा चक्र उघडा. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी 108 अक्षरं. पूर्वाषाढाच्या चौथ्या चरणावर 'ढ' येतो. हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ. आणि आर्द्रा तर विचारूच नका: कू, घ, ङ, छ. 'ङ'वरून मुलीचं नाव सुचवा म्हटलं तर आत्याबाई काय करणार? गुरुजी यातून फार पूर्वीच वाट काढून बसले आहेत. नावरस नाव पत्रिकेपुरतं, हाकेचं नाव वेगळं. तरीही आई-वडील अक्षर धरून बसतात, आणि बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत मोबाइल चाळत राहतात.

आता दुसऱ्या टोकाला चला. कचरू, केरू, दगडू, धोंडू, भिका, उकिरड्यावरून आलेला उकर्डू. आपल्या नाशिक जिल्ह्यात साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांत ही नावं अजून भेटतात, आणि नातवंडं ती सांगताना जरा ओशाळतात. तसं होण्याचं काही कारण नाही. ज्या घरात पाठोपाठ दोन-तीन पोरं दगावली, त्या घरातली ही नावं. नवं बाळ जन्माला आलं की त्याला सुपात घालायचं, केरावर नाही तर उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं आणि दुसऱ्या बाईने उचलायचं. मग आईने पसाभर धान्य देऊन आपलंच मूल तिच्याकडून 'विकत' घ्यायचं. मूल आपलं नाहीच, टाकलेलं आहे, त्याच्यावर कुणी नजर ठेवू नये, असा तो बनाव. भिका म्हणजे भीक मागून मिळवलेला. नथू म्हणजे नाक टोचून नथ घातलेला मुलगा. मृत्यू मुलगे नेतो असं वाटलं, तर त्याला मुलगीच आहे असं भासवायचं. लसी नव्हत्या, डॉक्टर नव्हता, तेव्हा आईच्या हातात एवढंच होतं.

धोंडूचा उगम मात्र दुहेरी आहे. दगडासारखा टिकावा म्हणून धोंडू, तसाच अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू. हे नाव घेऊन धोंडो केशव कर्वे 1958 साली भारतरत्न झाले. पुण्यात आपण दगडूशेठच्या गणपतीपुढे रांगा लावतो. पण पोराचं नाव दगडू ठेवायची हिंमत कुणाची होत नाही. 'टाइमपास' चित्रपटातला दगडू सगळ्यांना आवडला, तोही पडद्यावरच.

याच रांगेत एक नाव बसवू नये, ते म्हणजे नकुशी. वरून दिसायला तेही ओबडधोबड, पण त्यात बाळाला वाचवण्याचा डाव नाही. मुलगी नको होती, एवढंच त्यात सांगितलं आहे. सातारा जिल्ह्यात 22 ऑक्टोबर 2011 रोजी अशा 285 मुलींची नावं एका समारंभात बदलण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. नामकरणाचा इतका रास्त सोहळा आपल्या राज्यात क्वचितच झाला असेल.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरातल्या आदिवासी घरांत वाराची नावं होती: सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. जन्माचा वारच नाव. वारली चित्रकलेला जगात नेणारे जिव्या सोमा म्हसे, त्यांच्या नावातला सोमा हा त्यातलाच.

आणि आता आपल्या उंबरठ्यावरचा खजिना. पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी. आपण सकाळी व्यायामाला त्या पायऱ्या चढतो, वरून शहर बघतो आणि उतरतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. क्षहरात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी, दिनीकाचा मुलगा उषवदात याची बायको, तिने ही खोली भिक्खूंना दान दिली. तिचं नाव दखमित्रा, संस्कृतात दक्षमित्रा. खोलीला लेखात शब्द वापरला आहे 'ओवरको'. आपली ओवरी ती हीच. तिच्या नवऱ्याच्या नावाचं संस्कृत रूप ऋषभदत्त. ही शक मंडळी, बाहेरून आलेली, आणि पुढच्या पिढ्यांची नावं पाहा कशी इथली झाली.

सतराव्या लेण्याची गोष्ट याहून नवलाची आहे. ते कोरवून घेणारा स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा. त्याच्या वडिलांचं नाव धम्मदेव, त्याचं स्वतःचं इंद्राग्निदत्त, आणि मुलाचं धम्मरखित. इंद्र आणि अग्नी या दोन वैदिक देवांनी दिलेला हा यवन बौद्ध लेणं कोरवतो आणि मुलाचं नाव धम्माने रक्षिलेला असं ठेवतो! एवढं वेगळं नाव शोधायला आपल्याला परदेशी याद्या कशाला हव्यात?

तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईची ओळख नावात पुढे. गोदावरीलाही आपण गौतमी म्हणतो, म्हणून राणीचं नाव नदीवरून पडलं असं कुणी सांगतं. ते बरोबर नाही, तिचं गौतमी हे गोत्रावरून आलं आहे. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावामागे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आपल्या राज्याने लावला. सातवाहनांच्या जवळ आपण पोचलो म्हणायचं.

आता आजच्या नावांबद्दल दोन शब्द. आरव हे नाव आठवा. याद्यांमध्ये अर्थ दिलेला असतो 'शांत'. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. रात्री घर डोक्यावर घेणाऱ्या बाळाला ते चपखल बसतं, पण आई-वडिलांना ते ठाऊक नसतं. रियांश म्हणे सूर्याचा पहिला किरण. अंश म्हणजे भाग, एवढं खरं. बाकीचं कुणीतरी रचलेलं आहे. घडवलेल्या नावाला माझी हरकत नाही. कुसुमाग्रज हे नाव घडवलेलंच आहे. जन्मनाव गजानन, काका वामन यांना दत्तक गेल्यावर विष्णु वामन शिरवाडकर, आणि कुसुम नावाच्या एकुलत्या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. त्यातलं प्रत्येक नाव कुठून आलं ते सांगता येतं. रियांशच्या बापाला ते सांगता येणार नाही. नाव दुर्मीळ असो की घरोघरचं, मुलाने मोठेपणी विचारलं तर खरं उत्तर देता आलं पाहिजे, एवढीच माझी अट. त्या कसोटीवर मला कचरू रियांशपेक्षा वरचढ वाटतो.

तेव्हा घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव मागाहून घालता येतं: नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. मधल्या काळात घरातल्या म्हाताऱ्यांना पणजोबा-पणजीची नावं विचारा, एखाद्या रविवारी पांडवलेण्यांतले लेख माहीतगाराकडून वाचून घ्या, आणि मोबाइलवर सापडलेला अर्थ मोल्सवर्थच्या किंवा आपट्यांच्या कोशात ताडून पाहा.