सैन्यांची भाषा आणि अर्थाची एकवाक्यता



बंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर होसकोटे हे गाव आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर त्याचाही समावेश होता. पुढे पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, १७६८ च्या ऑगस्ट महिन्यात, याच गावाजवळ दोन मित्रसैन्यांचे तळ पडले होते. एक कर्नल जोसेफ स्मिथ यांच्या इंग्रज फौजेचा, आणि जवळच दुसरा गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांच्या मराठी फौजेचा.

२२ ऑगस्टच्या रात्री हैदर अलीच्या फौजेने मुराररावांच्या तळावर छापा घातला. पुढे घोडदळ होते. अंधारात आपला स्वार कोणता आणि शत्रूचा कोणता, हे ओळखणे अशक्य होते. मुराररावांनी तत्काळ हुकूम दिला: कोणीही घोड्यावर बसू नये, प्रत्येकाने आपल्या घोड्यापाशी जमिनीवर उभे राहावे, आणि जो स्वार दिसेल तो शत्रू समजून त्याला कापून काढावे. हुकूम बिनचूक होता. छापा फसला आणि हैदरच्या फौजेला हानी सोसून परतावे लागले. परंतु हा गलबला कशाचा, हे पाहण्यासाठी कर्नल स्मिथ यांचे साहाय्यक अधिकारी कॅप्टन गी घोड्यावरूनच मराठी तळात शिरले. त्या रात्रीच्या खुणेप्रमाणे तेही शत्रूच ठरले, आणि मारले गेले.

यात दोष कोणाला द्यावा? सैनिकांनी हुकूम पाळला होता, आणि कॅप्टनांनी आपले कर्तव्य बजावले होते. खूण एकाच तळाला ठाऊक होती आणि दुसऱ्या तळाला ती कळवण्याची काही सोय आधी लावलेली नव्हती, एवढेच या मृत्यूचे कारण. लष्करी माहितीप्रणालींपुढे आज जो प्रश्न उभा आहे, त्याचे मूळ रूप हेच होय. संदेश पोहोचणे ही एक गोष्ट आहे, आणि तो पाठवणाऱ्याला अभिप्रेत असलेल्या अर्थानेच समजणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

भाषा एक असली म्हणजे ही अडचण दूर होते, असेही नाही. १९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियातील इमजिन नदीकाठी ब्रिटिश ब्रिगेडिअर ब्रॉडी यांनी आपल्या अमेरिकी वरिष्ठांना, परिस्थिती जराशी बिकट आहे, अशा आशयाचे उत्तर दिले, असे सांगितले जाते. संयमाने बोलण्याच्या ब्रिटिश रीतीप्रमाणे त्याचा अर्थ, आम्ही घोर संकटात आहोत, असा होता. ऐकणाऱ्याने मात्र शब्दशः अर्थ घेतला. त्या लढाईत ग्लॉस्टरशर पलटणीचे शेकडो सैनिक शत्रूच्या हाती सापडले.

एकाच देशाच्या तीन दलांतही हा भेद आढळतो. भारतीय भूदलातील कॅप्टन हा कनिष्ठ श्रेणीचा अधिकारी; नौदलातील कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. माणूस गणवेश पाहून किंवा प्रश्न विचारून हा घोटाळा टाळतो. संगणकाला शंका येत नाही. एकाने उंची फुटांत कळवली आणि दुसऱ्याने तोच आकडा मीटर समजून घेतला, तर तारा, यंत्रे आणि माणसे सर्व निर्दोष असूनही आकाशातील विमान भलत्याच ठिकाणी दिसेल.

यावर उपाय म्हणजे आधीच ठरवलेली परिभाषा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' हा अशाच प्रयत्नाचा एक नमुना होय. त्याच्याशी ज्यांचे नाव निगडित आहे ते रघुनाथपंत हणमंते, शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभार पाहणाऱ्या घराण्यातले. कोशाच्या दहा वर्गांत शस्त्र, चतुरंग, दुर्ग आणि लेखन हेही आहेत. फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. तरीही फौज, तोफ आणि किल्ला हे शब्द मराठीतून गेले नाहीत. कोश रचल्याने शब्द बदलतातच असे नाही. वापरणाऱ्यांनी ते स्वीकारावे लागतात.

म्हणूनच आधुनिक प्रयत्नांत प्रत्येकाची भाषा पुसून टाकण्याचा आग्रह नाही. १९९८ मध्ये काही पाश्चात्त्य राष्ट्रांनी लष्करी प्रणालींच्या परस्परसंवादासाठी एक बहुराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक सैन्याने घरात आपली परिभाषा ठेवावी; मात्र सीमेवर देवाणघेवाण करताना व्यक्ती, पथक, साधन, स्थळ आणि कृती यांच्या सर्वमान्य व्याख्या वापराव्यात, अशी ही योजना.

भारतालाही हा प्रश्न परका नाही. संरक्षण दलांसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणारी भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी संस्था १९५४ मध्ये बंगळुरातच स्थापन झाली. २०२० च्या प्रारंभी देशाला पहिले संरक्षण दल प्रमुख लाभले, आणि तिन्ही दलांच्या संयुक्त कार्याला वेग आला. वायुदलाची आणि भूदलाची हवाई संरक्षणप्रणाली परस्परांशी जोडली जाते, तेव्हा जोडणीचे काम अभियंते करतात. पण 'मित्र' कोणाला म्हणावे, 'ओळख न पटलेला' कोणाला म्हणावे, आणि कोणत्या शब्दावर तोफ सुटावी, हे उभय दलांनी शांततेच्या काळातच, कागदावर, एकमताने ठरवावे लागते. हे काम भाषेचे आहे. ते कंटाळवाणे असते आणि त्याला कीर्तीही लाभत नाही. ते न केल्यास मात्र रात्रीच्या गोंधळात प्रत्येक तळ आपली खूण आपल्यापुरती ठरवतो, आणि तिची किंमत शेजारच्या तळातून येणारा मित्र मोजतो.