एक वस्तू, दोन परवाने

एकाच दुकानात, एकाच फळीवर मांडलेली एकच वस्तू एका गिऱ्हाइकाला विनामूल्य मिळावी आणि दुसऱ्याकडून तिचे भरभक्कम मोल घेतले जावे, असा व्यवहार आपल्या पाहण्यात आला तर त्या दुकानदाराला आपण एकतर भोळा म्हणू, नाहीतर लबाड. परंतु संगणकाच्या आज्ञावलींच्या, म्हणजे ज्यांना आपण सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतो त्यांच्या जगात हा व्यवहार गेली कित्येक वर्षे उजळ माथ्याने चालू आहे. तो करणारे भोळे तर खासच नाहीत. आणि सर्व अटी आधीच लिहून ठेवलेल्या असल्यामुळे त्यांना लबाड म्हणणेही न्यायाचे होणार नाही. या व्यवहाराची रीत काय, आणि मुक्त म्हणून आज आपल्या हाती आलेली वस्तू उद्याही मुक्त राहील याची हमी कोणाची, या दोन प्रश्नांचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. प्रत्येक आज्ञावलीची दोन रूपे असतात. एक रूप माणसाने लिहिलेले व जाणत्या माणसाला वाचता येणारे. त्याला मूळ संहिता म्हणावे. दुसरे त्या संहितेपासून सिद्ध केलेले, केवळ यंत्राला उमगणारे. वैद्याने दिलेली औषधाची पुडी आणि तिच्यातील द्रव्ये व त्यांची प्रमाणे लिहिलेला कागद यांत जो भेद, तोच येथे आहे. पुडीने गुण येतो. पण तीत काय घातले आहे, प्रकृतीनुसार त्यात कोणता पालट करावा, हे कागद हाती आल्यावाचून कळत नाही.

हा कागद कायद्याच्या दृष्टीने साहित्य आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली जी दुरुस्ती झाली, तिने संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतींच्या पंक्तीत बसविले. म्हणजे कादंबरीवर कादंबरीकाराचा जसा स्वामित्वहक्क, तसाच आज्ञावलीवर तिच्या कर्त्याचा. तिची प्रत काढणे, तीत फेरफार करणे, ती दुसऱ्यास देणे, या सर्वांस मालकाची अनुमती लागते. आणि ही अनुमती ज्या लेखात शब्दबद्ध होते, तो परवाना होय. एक गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी. परवाना देणारा आपली मालकी देऊन टाकीत नाही. नाटककार एका प्रकाशकाला पुस्तक छापण्याचा हक्क देतो, एका मंडळीला प्रयोगाचा देतो, तिसऱ्याला अनुवादाचा देतो; प्रत्येकाच्या अटी निराळ्या असतात आणि नाटक मात्र त्याचेच राहते. दोन परवान्यांचा सारा व्यवहार या साध्या तत्त्वावर उभा आहे.

आता मुक्त परवाना कोठून आला ते पाहू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. पूर्वी प्रयोगशाळेतील मंडळी एकमेकांच्या संहिता मोकळेपणाने वाचीत, सुधारीत व वाटून घेत. पुढे कंपन्या संहिता कुलुपात ठेवू लागल्या आणि ही रीत मोडली. ती पुन्हा रुजवावी, हा स्टॉलमन यांचा संकल्प होता. १९८५ मध्ये त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे सामान्य सार्वजनिक परवाना, सिद्ध केला. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरावी, तिची संहिता अभ्यासावी, तिच्या प्रती वाटाव्यात आणि ती सुधारून सुधारलेली प्रतही वाटावी, ही चार स्वातंत्र्ये हा परवाना देतो. मात्र त्याला एक अट जोडलेली आहे. ही आज्ञावली, किंवा तिच्यावर रचलेली आपली कृती, जो कोणी दुसऱ्याच्या हाती देईल, त्याने मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. घेतलेले स्वातंत्र्य पुढच्याला नाकारता येणार नाही, हे या अटीचे सार.

इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द द्व्यर्थी असल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आणि काही अंशी त्यामुळेच १९९८ साली ‘ओपन सोर्स’ हा दुसरा शब्द पुढे आला. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द पहिल्यापासून निराळे असल्याने आपल्याला तरी हा घोटाळा करण्याचे कारण नाही. मुक्त आज्ञावली विकण्यास सार्वजनिक परवान्याची मुळीच हरकत नाही. रेड हॅट या कंपनीने मुक्त आज्ञावलींची निगराणी व सेवा विकून एवढी पत मिळविली की, २०१९ साली आयबीएमने तिच्यासाठी सुमारे ३,४०० कोटी डॉलर मोजले. तेव्हा मुक्त म्हणजे व्यापाराला वर्ज्य, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

आता त्या दोन भावांच्या दुकानाकडे वळू. छापखान्याशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना घोस्टस्क्रिप्ट या आज्ञावलीचे उदाहरण जवळचे वाटेल. पानावर कोठे कोणते अक्षर, कोठे कोणती रेघ, याचे वर्णन वाचून मुद्रकासाठी किंवा पडद्यासाठी पान रेखाटण्याचे काम ती करते. एल. पीटर डॉइच यांनी ती १९८८ साली प्रथम प्रसिद्ध केली. आज तिची मालकी आर्टिफेक्स या अमेरिकन कंपनीकडे आहे आणि तिचे दोन परवाने आहेत. आपली संहिता खुली ठेवण्यास जो तयार आहे, त्याला ती सार्वजनिक परवान्याखाली एक पैसाही न देता मिळते. जो तिला आपल्या बंद आज्ञावलीच्या पोटात घालून विकू इच्छितो, त्याने मोल देऊन दुसरा, व्यापारी परवाना घ्यावा. थोडक्यात, मोल दोघेही देतात. एक संहितेच्या रूपाने, दुसरा रोख.

हे दोन्ही टाळणाऱ्याचे काय होते? दक्षिण कोरियातील हॅनकॉम या कंपनीने आपल्या कार्यालयीन आज्ञावलीत घोस्टस्क्रिप्ट वापरली. परंतु संहिता खुली केली नाही आणि व्यापारी परवानाही घेतला नाही, असे म्हणत आर्टिफेक्सने २०१६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा लावला. हा दावा आरंभीच काढून टाकावा, ही हॅनकॉमची विनंती न्यायालयाने २०१७ साली अमान्य केली. पुढे उभयपक्षी तडजोड झाली. तत्पूर्वी २००८ साली जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने असा निर्वाळा दिला होता की, पैसा हातोहात फिरला नाही म्हणून मुक्त परवान्याच्या अटींना आर्थिक मोल नाही, असे मानता येणार नाही. फुकट मिळालेल्या वस्तूच्या अटीही अटीच असतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथवर सारे न्याय्य दिसते. परंतु जरा खोल पाहिले की एक विषमता नजरेस येते. सार्वजनिक परवान्याची बंधने घेणाऱ्यावर असतात, मालकावर नसतात. मालक स्वतःच्याच वस्तूचा दुसरा परवाना काढू शकतो, कारण तो मालक आहे. हे करावयाचे तर संपूर्ण संहितेचा हक्क एका हाती असावा लागतो. लिनक्सच्या गाभ्यात जगभरातील हजारो लेखकांचा हात आहे आणि प्रत्येकाचा हक्क त्याच्यापाशी राहिला आहे; त्यामुळे १९९२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याला जो सार्वजनिक परवाना लावला, तो आज एकट्यादुकट्याच्या लहरीने बदलणे व्यवहारात अशक्य झाले आहे. याउलट दोन परवान्यांची कंपनी बाहेरच्या माणसाची सुधारणा स्वीकारताना बहुधा आधी एका करारावर सही घेते. त्या सहीने लेखक आपला हक्क कंपनीच्या नावे करतो, किंवा निदान तो लेख वाटेल त्या परवान्याखाली देण्याची मुभा तिला देतो. उत्साहाच्या भरात केलेल्या या सहीचा अर्थ कंपनी विकली जाते त्या दिवशी उलगडतो.

मायएसक्यूएलचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. माहितीचे कोठार सांभाळणारी ही आज्ञावली मायकेल विडेनियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. तिच्या नावातील ‘माय’ हे विडेनियस यांच्या कन्येचे नाव. स्वीडनमधील त्यांच्या कंपनीने २००० साली तिला सार्वजनिक परवाना लावला आणि जोडीला व्यापारी परवानाही विकला. असंख्य संकेतस्थळे तिच्यावर चालू लागली. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली आणि २०१० च्या जानेवारीत सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. ओरॅकल ही तर बंद माहितीकोठारांच्या धंद्यातील अग्रगण्य कंपनी! विडेनियस यांनी विरोध केला, युरोपीय आयोगाने चौकशी केली. पण अखेर व्यवहार पार पडला.

तेव्हा मुक्त परवान्याने कोणते रक्षण केले आणि कोणते केले नाही, ते नीट वेगळे करून पाहावे. मुक्त म्हणून बाहेर पडलेली संहिता कोणालाही परत घेता आली नाही. ती घेऊनच विडेनियस यांनी २००९ साली मारियाडीबी ही नवी शाखा काढली आणि तिला धाकट्या कन्येचे नाव दिले. परंतु जुन्या संहितेचा व्यापारी परवाना विकण्याचा हक्क ओरॅकलकडे गेला, तो गेलाच. आज्ञावलीच्या जन्मदात्यालाही तिच्याबाबतीत इतर कोणाही वापरणाऱ्याइतकाच अधिकार उरला. स्वातंत्र्य सर्वांना मिळाले होते, मालकी एकालाच. आणि बाजारात विक्री झाली ती मालकीची.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक धार आली आहे. मोठ्या कंपन्या मुक्त आज्ञावली आपल्या यंत्रांवर चालवून तिची सेवा भाड्याने देतात. आज्ञावलीची प्रत कोणाच्या हाती जात नसल्यामुळे सार्वजनिक परवान्याची अट येथे लागूच होत नाही. ही फट बुजविण्यासाठी २००७ साली अफेरो परवान्याची नवी आवृत्ती निघाली; सुधारलेली आज्ञावली जाळ्यावरून वापरू दिली तरी संहिता द्यावी, असे तो सांगतो. तरीही काही कंपन्यांचे समाधान झाले नाही. रेडिस ही लोकप्रिय आज्ञावली फार सैल अशा मुक्त परवान्याखाली मिळत असे. तिच्या मालक कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये तो बदलून सेवा विकणाऱ्यांवर निर्बंध घालणारे परवाने लावले. थोड्याच दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या संहितेतून व्हॅल्की ही शाखा निघाली. २०२५ च्या मे महिन्यात रेडिसने अफेरो परवान्याचा पर्याय पुन्हा ठेवला. पण एकदा दुभंगलेले गाव लगेच थोडेच एक होते?

यावर उपायच नाही असे मात्र नव्हे. नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची क्यूट ही आज्ञावली केडीई या मुक्त प्रकल्पाचा पाया होती. पाया परक्याच्या मालकीचा, ही भीती केडीईच्या मंडळींना सतावीत होती. १९९८ साली उभयतांनी मिळून एक प्रतिष्ठान स्थापिले आणि असा करार केला की, कंपनीने ठरलेल्या मुदतीत मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली नाही, तर प्रतिष्ठानाला ती संहिता अगदी सैल परवान्याखाली खुली करण्याचा अधिकार मिळेल. २००८ मध्ये ट्रोलटेक नोकियाने घेतली, पुढे क्यूट आणखी दुसऱ्या हाती गेली. करार मात्र टिकला. कंपनीला व्यापारी परवान्याचे उत्पन्न मिळत राहिले आणि केडीईचा पायाही हलला नाही. मालकाच्या भलेपणाची परीक्षा पाहत बसण्यापेक्षा मालक बदलण्याआधी लिहून घेतलेला एक कागद अधिक कामाचा ठरला.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे, असे कोणी मानू नये. भारत सरकारने २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. शाळा, पतपेढ्या, ग्रंथालये, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या यांचेही दप्तर आता आज्ञावलींच्या स्वाधीन झाले आहे. अशी आज्ञावली निवडताना ‘किंमत किती’ या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न चिटणिसांनी अवश्य विचारावेत. परवाना नेमका कोणता? संहितेची मालकी एका कंपनीची की अनेकांची? आणि उद्या परवाना बदलला, तर आपली नोंद उचलून दुसरीकडे नेता येईल काय? ज्या तरुण-तरुणी हौसेने अशा प्रकल्पांना आपले लेखन देतात, त्यांनी सही करण्यापूर्वी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. हक्क द्यावयाचा असेल तर खुशाल द्यावा, कारण त्या बदल्यात पुष्कळदा चांगली, सांभाळलेली वस्तू समाजाला मिळते; परंतु आपण काय देत आहोत हे जाणून द्यावे. दोन परवान्यांची रीत वाईट नाही. तिने अनेक उत्तम आज्ञावली पोसल्या आहेत. तिच्यातील मुक्त परवाना आज हाती असलेल्या प्रतीची हमी देतो. उद्याच्या प्रतीची हमी हवी असेल, तर मालक कोण आणि त्याने काय लिहून दिले आहे, हेच पाहिले पाहिजे.