दरडीतील शेजारी

(पडेगाव परिसरातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



नदीकाठची उभी, ढासळलेली दरड ओसाड व निरुपयोगी आहे, असे आपणांस सहज वाटते. त्याच दरडीत राहणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याची, नदीकाठच्या पाकोळीची, आज ओळख करून घेऊ.

या पाकोळ्यांच्या गटास शास्त्रज्ञ 'रिपारिया' म्हणतात. लॅटिन भाषेत 'रिपा' म्हणजे नदीचा काठ. आपल्याकडील जात सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची. पाठ तपकिरी, गळा करडा, पोट पांढुरके. चिलटे व माश्या ती उडता उडताच टिपते.

पावसाळ्यात नदी आपला काठ कापते. पूर ओसरला की मातीची ताजी, उभी भिंत उघडी पडते. चोचीने व पायांनी माती उकरून नर-मादी तीत सुमारे हातभर लांब बीळ कोरतात आणि शेवटी गवत-पिसांची गादी करून अंडी घालतात. अशी अनेक बिळे शेजारी शेजारी असतात. जणू एक वसाहतच. भिंत उभी असल्यामुळे शत्रूला वर चढणे अवघड जाते. हा विणीचा काळ बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो.

वाळू-माती उचलणे, पात्राचे खोलीकरण, काठाला उतार देणे व दगडी अस्तर करणे, ही आपली कामेही पावसाळ्यानंतरच सुरू होतात. यंत्राच्या एका फटकाऱ्यासरशी पिलांसह सारी वसाहत कोसळू शकते. अस्तर केलेल्या काठाला तर नवी दरड कधीच फुटत नाही. ब्रिटनमध्ये याच गटातील पाकोळ्यांसाठी कृत्रिम भिंती बांधाव्या लागल्या आहेत. आपल्याकडे हे काम नदी विनामूल्य करीत असते.

विकासकामे थांबवा, असे माझे म्हणणे नाही. काम सुरू करण्यापूर्वी दरड एकदा न्याहाळावी. बिळांत ये-जा दिसल्यास पिले उडेपर्यंत तेवढा तुकडा सोडून पुढे जावे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतींच्या समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तीत अशा दरडींची नोंद व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दुरूनच बिळे मोजावयास शिकवावे.

यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही. लागते ती वेळीच घेतलेली दखल. ती आपण घ्याल, अशी खात्री बाळगून मी आपली रजा घेतो.