पायाखालची जमीन
(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



शिखर, मूर्ती आणि कलश यांविषयी माझ्या आधीचे वक्ते पुष्कळ बोलले. माझ्या वाट्याला जमिनीखालचा विषय आला आहे. या स्मरणिकेतील जमाखर्चात ‘भूमी तपासणी’ या नावाने एक रक्कम पडलेली दिसेल. ती पाहून पुष्कळांनी, विशेषतः मुंबई-पुण्याला असलेल्या आपल्या मंडळींनी, विचारणा केली की देवासाठी दिलेला पैसा भोके पाडण्यात का घातला? प्रश्न रास्त आहे. देणगीदाराने विचारावे आणि समितीने सांगावे, हीच रीत. मी तालुक्याच्या कचेरीतला कारकून, इंजिनियर नव्हे. परंतु तपासणीच्या दिवसांत समितीच्या वतीने यंत्रापाशी उभे राहून टिपण ठेवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि आलेला अहवाल मी जाणत्या माणसाकडून समजावून घेतला आहे. तेवढ्या आधारावर बोलतो.

तिकाटणे उभे राहिले तेव्हा निम्म्या गावाला वाटले की पाण्याची बोअर घेताहेत. उरलेल्यांना वाटले, उसासाठी करतो तसले माती परीक्षण असावे. त्या परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश किती हे पाहतात. येथे पिकाचा प्रश्न नव्हता. ही जमीन किती वजन पेलेल, भिजली तर फुगेल का, सुकली तर आकसेल का, पाणी किती खोलीवर आहे व ते कसे आहे, एवढे जाणून घ्यायचे होते.

आपल्या पूर्वजांना याची जाण नव्हती असे कोणी समजू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जागेची परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेच तो भरावा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा अशी की खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी किती कमी झाले ते पाहावे. मला यात अडाणीपणा दिसत नाही. घट्ट जमीन उकरली की माती मोकळी होऊन जास्त जागा घेते, आणि पोकळ जमिनीची माती आपल्याच खड्ड्याला पुरत नाही. पण ही परीक्षा हातभर खोलीपुरती झाली. आपल्या सभामंडपाचे स्लॅबचे ओझे जाणार त्याच्या कितीतरी खाली.

आता आपल्या गावच्या जमिनीकडे येतो. शेताला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी म्हणतो. पांढरी म्हणजे काय? पिढ्यान् पिढ्या घरे पडली, पुन्हा उभी राहिली, चुलीची राख, गोठ्यांतला केरकचरा, धाब्याची माती, फुटकी खापरे, सगळे तेथेच साचत गेले. त्या साचलेल्या ढिगावर आपण राहतो आणि आपला देवही तेथेच उभा आहे. वरवर पाहता ती कोरडी, टणक वाटते. खाली काय दडले आहे याचा नेम नसतो.

त्या पांढरीखाली आपल्याकडे काळी आहेच. काळ्या मातीचा स्वभाव आपल्या प्रत्येक घराने सोसला आहे. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, चैत्रात तेच दार सैल होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते, ती दिवाळीला लिंपली तरी पुढच्या वर्षी उघडते. आपण गवंड्याला बोल लावतो. पण या मातीत एक जातीची बारीक चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच भिंतीखालीही चालू असते. म्हणून जुने लोक म्हणत, मुरूम लागेपर्यंत पाया सोडू नका. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी कंदासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खांब काढले आहेत. ते निदान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतूप्रमाणे होणारी फुगी तेवढ्या खोलीवर बहुधा पोचत नाही.

आपल्या आवारात तीन ठिकाणी भोके घेतली. रीत सांगतो, कारण तिचा ठोका गावाने आठवडाभर ऐकला आहे. नळीच्या डोक्यावर साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून सोडतात. नळी पंचेचाळीस सेंटीमीटर उतरेपर्यंत ठोके मोजतात. पहिले पंधरा सोडून पुढच्या तीस सेंटीमीटरला किती ठोके लागले, तो आकडा धरतात. ठोके जास्त तेवढी जमीन घट्ट. नळीत आलेली माती पिशवीत घालून चिठ्ठी लावतात आणि प्रयोगशाळेत नेतात.

पहिल्या दोन भोकांत सारखेच निघाले. वर सुमारे दोन मीटर पांढरी, मग तितकीच काळी, मग पिवळा मुरूम आणि सात मीटरच्या सुमारास काळा पाषाण. मुरुमात नळी पन्नास ठोक्यांनीही पुरती उतरेना. तिसरे भोक नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. तेथे तीन-चार ठोक्यांत नळी खाली गेली. चार मीटर झाले तरी मुरूम नाही, नळीत विटांचे तुकडे, खापरे आणि ओला गाळ. काम करणारे लोक एकमेकांकडे पाहू लागले. वरच्या आळीतील एक आजी दर्शनाला आल्या होत्या. त्या सहज बोलल्या, “अरे, ती तर आडाची बाजू. माझ्या सासूबाई तिकडं पोरांना जाऊ देत नसत.”

दुसऱ्या दिवशी उकरले तेव्हा आडाचे घडीव दगडांचे कडे लागले. कोणत्या काळी तो बुजवला, त्याचा कागद कोठेही नाही. सभामंडपाचा एक खांब बरोबर त्या तोंडावर येणार होता. तो तसाच उभा केला असता तर दोन-चार पावसाळ्यांत काय झाले असते, ते मी रंगवून सांगत नाही. खाली पोरेबाळे जेवायला बसतात.

यात नवल काही नाही. अयोध्येला श्रीराम मंदिराच्या वेळीही असेच झाले. २०२० मध्ये तेथे प्रथम खोल पाइल टाकून त्यावर वजन देऊन पाहिले. निकाल मनासारखा आला नाही, तेव्हा तो बेत सोडला. सुमारे चाळीस फूट भराव व सैल माती काढून तेथे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे थरावर थर दिले, त्यावर दगडी जोते बांधले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली. एवढ्या मोठ्या कामातही जमिनीचे म्हणणे ऐकावे लागले. आपल्याकडे नकाशा बदलला, खांब आडाच्या दोन्ही बाजूंना सरकवून मुरुमात उतरवले आणि वरून तुळई टाकली. जुन्या गाभाऱ्याच्या दगडाला हात लावला नाही. यासाठी कलशारोहण चैत्रावरून पुढे गेले आणि पुष्कळांची नाराजी समितीने सोसली.

आता ज्यासाठी मी मुद्दाम उभा आहे ते सांगतो. आड साफ केला, त्याला पाणी लागले, आणि गावाला आनंद झाला. भैरवनाथाने आपले पाणी परत दिले, असे म्हणून कित्येकांनी ते तीर्थ म्हणून घरी नेले. श्रद्धेविषयी मी बोलणार नाही, मीही त्याच देवाचा भक्त आहे. पण त्याच पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. आपल्या आडाच्या पाण्यात ते दुपटीहून अधिक निघाले. भोवती पन्नास घरांचे शोषखड्डे आहेत, गोठे आहेत, उकिरडे आहेत. पांढरी सच्छिद्र, तिच्यातून हे सारे झिरपते. हे पाणी दिसायला नितळ, चवीला गोड आणि उकळून उपयोग शून्य, कारण उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. सहा महिन्यांच्या आतील मुलाला यापासून सर्वांत मोठा धोका. त्याच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि अंग निळे पडते. आपल्या लेकी-सुना बाळंतपणानंतर पहिल्यांदा देवाला येतात, तेव्हा बाळाच्या ओठाला तीर्थ लावतात. तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे, तीर्थासाठी नळाचे शुद्ध केलेले पाणीच घ्या. आडाचे पाणी अंगण धुवायला, झाडांना घाला. समितीने त्यावर जाळी बसवली आहे, ती कोणी काढू नये.

जाता जाता कचेरीतले एक सांगतो. अकृषिक परवानगीची प्रकरणे माझ्या टेबलावरून जातात. कागदोपत्री जमीन अकृषिक झाली तरी मातीचा गुण तोच राहतो. हायवेच्या कडेला ओढा बुजवून, वर चार ट्रॉल्या मुरूम पसरून प्लॉट पाडलेले मी पाहिले आहेत. आपली मुले तेथे कर्ज काढून घर बांधतात. प्लॉट घेण्याआधी सात-बारा पाहता, तसा गावनकाशा पाहा. त्यात ओढा दिसतो, विहिरी दिसतात. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. एक खड्डा मुरुमापर्यंत खणून पाहा, आणि मजले चढवायचे असतील तर तपासणी करून घ्या. छपराचे पाणी जोत्यालगत मुरू देऊ नका. आपल्या पारावरच्या पिंपळाबद्दलही लोकांनी विचारले होते. तो तोडायचा नाही, पण मूळ जमिनीतले पाणी ओढते आणि काळी आकसते, म्हणून नवे बांधकाम त्यापासून लांब ठेवले आहे.

अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक देवळाच्या कचेरीत ठेवली आहे. तिन्ही भोकांची माती आणि पाषाणाच्या कांड्या लाकडी पेटीत खोलीप्रमाणे मांडल्या आहेत. कोणीही येऊन पाहावे, शाळेतल्या मुलांना तर जरूर दाखवावे. आडाच्या पाण्याची पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर आहे. ज्यांच्या घरी आडासारखी जुनी विहीर वापरात आहे, त्यांनी आपल्याही पाण्याची एक बाटली स्वच्छ धुऊन, नाव लिहून, कोजागरीपर्यंत पुजाऱ्यांकडे आणून द्यावी. सगळ्या एकदमच जिल्ह्याला पाठवू.