सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीय. दीड वर्षाच्या मुलाला हर्निया आहे. डॉक्टर म्हणतात, सकाळी ऑपरेशन करू, संध्याकाळी घरी जा. त्याची आई म्हणते, एवढ्या लवकर सोडतात म्हणजे नीट बघत नसणार!

मी लहान मुलांचा सर्जन. हे वाक्य ओपीडीत नेहमी ऐकतो, बहुतेक वेळा आजीकडूनच. तिनं पाहिलेलं असतं आजोबांचं ऑपरेशन. जाळी बसवली, कितीतरी दिवस खाटेवर. मुलांचं प्रकरण वेगळं. पोटातून अंडकोषाकडे जाणारी एक बारीक वाट जन्माच्या आसपास बुजते. कधीकधी ती उघडी राहते. तिच्यात आतडं उतरलं तर हर्निया, नुसतं पाणी उतरलं तर हायड्रोसील. हर्नियात आम्ही जांघेच्या घडीत छोटा छेद घेतो आणि ती वाट बांधून टाकतो. जाळी लागत नाही.

आणि हे काही नवं फॅड नाही हं. ग्लासगोच्या जेम्स निकोल या सर्जननं १९०९ मध्ये अशा ८,९८८ ऑपरेशनांचा हिशेब मांडला होता. मुलं त्याच दिवशी घरी. त्याचं म्हणणं, तान्ह्याची शुश्रूषा आईच उत्तम करते.

मला भीती वाटते ती 'मोठा झाला की करू' याची. हायड्रोसील बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, तिथे थांबा. अंड खाली उतरलं नसेल तर सहा महिने वाट बघायची, मग साधारण एक ते दीड वर्षाच्या आत ऑपरेशन. पण हर्निया आपोआप बुजत नाही. पट्टा बांधा, नाणं बांधा, उपयोग शून्य. आणि बाळ जितकं लहान, तितकी आतडं अडकायची शक्यता जास्त. गाठ कडक झाली, आत जात नाही, बाळ रडतंय, हिरवी उलटी झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा.

सगळ्यांना त्याच दिवशी सोडत नाही. वेळेआधी जन्मलेल्या तान्ह्या बाळांचा श्वास भुलीनंतर मधेच थांबू शकतो, त्यांना रात्रभर ठेवतो. घर घाटापलीकडे असेल तर जवळच्या नातेवाइकांकडे राहा.

उपाशी ठेवायचं गणित पाठ करा: वरचं दूध, खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. कौतुकानं गुपचूप दिलेल्या एका बिस्किटानं ऑपरेशन पुढे जातं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

भूल दिल्यावर कमरेखाली एक इंजेक्शन देतात, म्हणून मूल जागं झाल्यावर फारसं दुखत नाही. काही तासांनी तो असर उतरतो, नेमका घरी पोचल्यावर. तेव्हा पॅरासिटामॉलचा पहिला डोस कधी, वजनाप्रमाणे किती मिली, हे निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. रात्री उचलला जाईल असा फोन नंबरही घ्या. मेडिक्लेम असेल तर 'डे-केअर'बद्दल आधीच विचारा.

दुसऱ्या दिवशी पोरगं सोफ्यावरून उड्या मारायला लागतं. त्याची तक्रार घेऊन फोन येतात, ते मी हसत उचलतो.