लठ्ठ घोड्याची चंदी

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथे मारवाडी आणि काठेवाडी जनावरे पाहत हिंडणारे गिऱ्हाईक मानेची कमान आणि पुठ्ठ्यांची गोलाई पाहून खूश होते; आणि त्या गोलाईसाठी धनी आपल्या जनावरास हरभऱ्याची चंदी, गूळ, तूप, प्रसंगी दूधसुद्धा चारतो, हे तिकडील जाणकारांस ठाऊकच आहे. शिलेदारीच्या काळी घोडा मजल-दरमजल चाले, तेव्हा तोबरा हा श्रमाचा मोबदला होता. पागा मोडल्या, मजला संपल्या, परंतु लग्नसराईतल्या चार वराती वगळता ठाणावरच बांधलेल्या जनावराचा रतीब मात्र तसाच चालू राहिला, आणि तो सारा दाणा मेदरूपाने अंगावर साचू लागला.

हा मेद डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतो. निरोगी घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हलक्या हाताने चाचपल्या की बोटांना लागतात; लठ्ठ घोड्याच्या बरगड्या दाबूनही सापडत नाहीत, पाठीच्या कण्यावर पन्हळ पडते, शेपटीच्या मुळाशी मऊ गादी तयार होते, आणि आयाळीखालची चरबीची गाठ इतकी ताठर होते की हाताने हलवू गेल्यास हलत नाही. या चाचपणीस 1983 साली हेनेके या अमेरिकी संशोधकाने 1 ते 9 अशा श्रेणींची शिस्त लावली. 5 ही श्रेणी मध्यम, आणि 7 च्या पुढे काळजीचे कारण. कारण असे की, अशा जनावराच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण बेताल वाढले म्हणजे खुराच्या आतील पडद्यांस दाह होतो, आणि मग वरातीत नाचणारा तोच घोडा पुढचे पाय पुढे टाकून, सारा भार मागल्या पायांवर घेऊन, पाऊल उचलण्यास नकार देत उभा राहतो.

हे पाहून घाबरलेला धनी दोन दिवस दाणावैरण बंद करतो, आणि हाच खरा अविचार होय. घोड्याच्या जठरात आम्ल अहोरात्र पाझरत असते आणि तेथे चारा नसेल तर व्रण पडतात. शिवाय उपाशी शरीर आपली चरबी एकदम रक्तात सोडते, यकृतास ती पेलत नाही, आणि तट्टू, गाढव किंवा गाभण घोडी असेल तर प्राणावर बेतते. म्हणून पोट भरलेले ठेवावे, मात्र ते कशाने भरते हे बदलावे.

प्रथम मापाची फीत घ्यावी. छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजून त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने त्यास गुणावे आणि 11877 ने भागावे. घेर 180 आणि लांबी 155 असेल तर वजन सुमारे 423 किलो भरते. अशा जनावरास दिवसाला वजनाच्या दीड टक्के शुष्क अंश पुरे, म्हणजे वाळलेल्या गवतातही थोडे पाणी असते हे धरून गवत सुमारे 7 किलो. हरभरा, गूळ आणि गोड भुसा आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत बंद करावा, लसूणघासही आवरता घ्यावा, आणि फुलून जून झाल्यावर कापलेले भरड गवत निवडावे. ते तोलून घ्यावे, मग तासभर थंड पाण्यात भिजवावे आणि पाणी फेकून द्यावे, म्हणजे विरघळणारी साखर पुष्कळशी निघून जाते. मात्र आपल्याकडील उन्हाळ्यात ते अधिक वेळ ठेवल्यास आंबते. भिजवण्यात क्षारही जातात, म्हणून मीठ आणि खनिज मिश्रण द्यावे लागते. एवढे 7 किलो गवत एकदम पुढ्यात टाकल्यास जनावर ते काही तासांतच फस्त करते. लहान भोकांच्या जाळीत घालून, दिवसातून चार वेळा वाटून दिल्यास ते रात्रीपर्यंत पुरते.

खूर दुखत नसतील तर रोजची रपेटही हवी. दुखत असतील तर आधी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आणखी एक बारकावा, जो पुस्तकांत क्वचित सापडतो: तबेल्यातील मोतद्दारास हा सारा जाबता नीट समजावून सांगावा, नाहीतर जनावर खिंकाळले की दया येऊन तो मूठभर चणे हळूच टाकतो, आणि आलेला पाहुणाही कौतुकाने गुळाचा खडा पुढे करतो.

आठवड्याला एक टक्क्यापर्यंत वजन घटले तरी ते समाधानकारक मानावे. फीत दर पंधरवड्याने त्याच जागी, त्याच वेळी लावावी. घेर आधी उतरतो, आयाळीखालची गाठ सर्वांत शेवटी.