चार इमली : मालकांविना वस्ती



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात एखाद्या वस्तीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु जी वस्ती तेथे राहणाऱ्यांपैकी कोणाच्याच मालकीची नसते, तिच्या आठवणींना वारस मिळणे कठीण असते. भोपाळमधील चार इमली आणि तिच्या परिसरातील सरकारी वसाहती ही अशीच एक बिनवारशी दौलत आहे.

‘चार इमली’ म्हणजे चार चिंचा. झाडावरून गावाची किंवा वस्तीची खूण सांगण्याची आपल्याकडील रीत जुनीच. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव ही नावे तिचीच साक्ष देतात. आज चार इमली म्हटले की मंत्री, न्यायाधीश आणि वरिष्ठ अधिकारी यांचे बंगले डोळ्यांपुढे येतात. नाव मात्र त्यांच्यापैकी कोणाचे नाही. ते झाडांचे आहे.

या बंगल्यांची पाळेमुळे १ नोव्हेंबर १९५६ या दिवसात आहेत. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपद संपुष्टात आले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला व त्याची राजधानी भोपाळला आली. हे भोपाळ त्या वेळी जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. ते सिहोर जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र भोपाळ जिल्हा १९७२ साली झाला. विधानसभेसाठी नवे भवन नव्हते म्हणून ती बेगमांच्या काळातील मिंटो हॉलमध्ये भरू लागली आणि १९९६ पर्यंत तेथेच भरत राहिली.

राजधानी हलते तेव्हा केवळ फायली हलत नाहीत. नागपूरच्या सचिवालयातील कारकून, लघुलेखक, अधीक्षक यांनाही बिऱ्हाड हलवावे लागले. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. तेथूनही माणसे आली. त्यांत मराठी घरे पुष्कळ होती. मागे राहिलेले आईवडील, अर्ध्यावर आलेले मुलांचे शिक्षण आणि पुढे अनोळखी शहर, अशा अवस्थेत ही मंडळी नव्या क्वार्टरांच्या दारांशी उभी राहिली.

या वसाहतींची नावे पाहावीत. पैंतालीस बंगले, चौहत्तर बंगले, ग्यारह सौ क्वार्टर, बारह सौ पचास! शासनाने घरे मोजली आणि लोकांनी तो हिशेबच नाव म्हणून स्वीकारला. बसथांब्यांचेही तसेच. पाच नंबर, सहा नंबर, सात नंबर, दहा नंबर हे थांबे पुढे बाजारांची आणि वस्त्यांची नावे झाले. शिवाजी नगर आणि तात्या टोपे नगर ही नावे मराठी माणसाला जवळची वाटावीत अशी होती. पण येवल्यात जन्मलेल्या त्या सेनानीचेही लोकांच्या तोंडी ‘टीटी’ झाले.

घराचा आकार वेतनश्रेणीवर ठरत असे. त्यामुळे माणसे जात, भाषा वा गाव पाहून शेजारी झाली नाहीत. पगार पाहून झाली. एका भिंतीपलीकडे रीव्याचे कुटुंब, दुसरीपलीकडे बिलासपूरचे, समोर ग्वाल्हेरचे. बघेली, छत्तीसगढी, बुंदेली आणि मराठी यांचा असा शेजार जुन्या वाड्यांतून घडणे अवघड होते. मराठी घरातील मूल आमटीत ‘चिंच’ खाई आणि अंगणात जाऊन ‘इमली’ पाडी. दोन्ही शब्द त्याचेच होते.

पण घर त्याचे नव्हते. वडील निवृत्त झाले की क्वार्टर सोडावे लागे. पेरूचे रोप लावणारा एक, फळ खाणारा दुसरा, आणि त्या झाडाला झोपाळा बांधणारा तिसराच. १९८४ च्या कायद्याने मध्य प्रदेशातील शहरांमध्ये झोपडी बांधून राहिलेल्या भूमिहीनांना पट्टे देण्याची सोय झाली, आणि ती न्याय्यच होती. तीस वर्षे क्वार्टरमध्ये काढलेल्या कारकुनाजवळ मात्र घर दिल्याच्या आदेशाचा कागद तेवढा असे. वस्तीवर त्याची माया होती, हक्क नव्हता.

हा भेद पुढे उघड झाला. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळची निवड झाली. त्यासाठी प्रथम शिवाजी नगर आणि तुलसी नगर हा भाग ठरला होता. तेथील वृक्षराजीसाठी नागरिकांनी विरोध केला, तेव्हा योजना उत्तर व दक्षिण टी. टी. नगरात नेण्यात आली आणि तेथील जुनी क्वार्टरे पडू लागली. जून २०२४ मध्ये शिवाजी नगर–तुलसी नगरात मंत्री व आमदारांच्या निवासांचा प्रस्ताव पुन्हा पुढे आला. सुमारे २९,००० झाडे जाणार, असे वृत्त होते. स्त्रियांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि शासनाने प्रस्ताव मागे घेतला.

पुनर्बांधणीच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. घरे जुनी झाली होती, पावसाळ्यात गळत होती, आणि शहराच्या मध्यभागी इतक्या विस्तीर्ण जागेवर बैठी घरे किती काळ ठेवावीत हा प्रश्न खोटा नव्हता. परंतु चार इमलीचे बंगले बव्हंशी राहिले आणि कारकुनांची क्वार्टरे गेली, हेही नजरेआड करता येत नाही. शिवाय ज्या टी. टी. नगरात क्वार्टरे पडली, तेथेही मोठी झाडे होती. एका वस्तीची सावली वाचली ती दुसरीच्या मोबदल्यात.

लोक घरांसाठी उभे राहू शकले नाहीत, कारण घरे त्यांची नव्हती. ते झाडांसाठी उभे राहिले. झाडही कायद्याने सरकारचेच; पण त्याच्याखाली वाढलेल्याला त्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे, हे अखेर एकदा तरी मानले गेले.

जुन्या वाड्याची कागदपत्रे घराण्याच्या पेटीत राहतात. क्वार्टरची राहत नाहीत. दर बदलीला सामान कमी केले जाते आणि आधी कागदच जातात. म्हणून एक विनंती आहे. ज्यांच्या घरून १९५६ नंतर कोणी भोपाळला गेले असेल, त्यांनी क्वार्टर मिळाल्याचा आदेश, नागपूरला धाडलेली पत्रे, अंगणात काढलेली छायाचित्रे रद्दीत घालू नयेत. ती ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत. ग्रंथालयाने त्यांच्यासाठी एक कपाट राखून ठेवावे. इतिहासकाराला राजधानी कोणी आणली ते शासकीय दप्तरात सापडेल. त्या राजधानीत पहिल्या उन्हाळ्यात कोणी बिऱ्हाड मांडले, ते मात्र या कपाटातच सापडेल.